घासाघीस भावाची, वजनाची नव्हे

समुद्रकाठी लोखंड फार वर्षं टिकत नाही. हरिहरेश्वरला सावित्री नदी समुद्राला मिळते आणि वारा बारा महिने खारा असतो. पडवीवरचा पत्रा, लॉजच्या गॅलरीचा कठडा, वाडीतला पंप, होडीचा शाफ्ट यांचं आयुष्य इथे घाटावरच्या गावांपेक्षा बरंच कमी भरतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले आणि गावोगाव भंगाराचे ढीग लागले. एरवीही हा माल थोडाथोडा निघतच असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जीवना, भरडखोल, बागमांडला इथल्या होड्या वर ओढल्या जातात, डागडुजी होते आणि झिजलेले पंखे, तुटके नांगर, गंजलेल्या साखळ्या बाजूला पडतात. हा माल घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यासाठी आणि फेरीवाल्यासाठी हा लेख आहे. विकणाऱ्यानेही तो वाचावा, कारण चोख व्यवहार दोघांनाही कळला तरच टिकतो. सांगायचं ते थोडक्यात असं: भावावर हवी तेवढी घासाघीस करा, पण वजनाला हात लावू नका. यात नीती तर आहेच, पण निव्वळ हिशेबानेही हाच रस्ता फायद्याचा ठरतो.

आधी हिशेब बघू. समजा, एका घरी ५० किलो पत्रा आणि लोखंड निघालं आहे. पहिला भंगारवाला किलोला ३२ रुपये देतो म्हणतो, पण त्याचा काटा ५० किलोला ४० दाखवतो. घरच्यांच्या हातात १,२८० रुपये पडतात. दुसरा २८ च रुपये बोलतो, पण वजन पुरतं धरतो. तो १,४०० रुपये देतो. ऐकायला पहिल्याचा भाव चढा आहे, देणं मात्र दुसऱ्याचं जास्त आहे. मोठ्या शहरात पहिल्याचं कदाचित काही दिवस निभावेल, कारण तिथे रोज नवं दार सापडतं. हरिहरेश्वरात तसं नाही. इथली घरं, लॉज, वाड्या मोजक्या आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तोच माणूस दोन वर्षांनी पुन्हा पत्रे बदलणार असतो. एकदा कुणी तोच माल शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून पाहिला की ‘मापात पाप’ उघडं पडतं आणि पुढचा माल दुसऱ्याच्या टेम्पोत जातो. भंगाराच्या धंद्यात भांडवल थोडं लागतं, पण माल सतत मिळत राहावा लागतो, आणि तो मिळतो विश्वासावर. वजनात मारलेले दहा किलो एकदाच मिळतात, गेलेलं गिऱ्हाईक मात्र प्रत्येक हंगामात नुकसान करतं.

म्हणून पहिला खर्च काट्यावर करा. वैधमापन कायदा २००९ विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही लागू आहे. ठरलेल्या किंवा पैसे दिलेल्या वजनापेक्षा जास्त माल फसवून घेणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी आणि साध्या वजनांची दर २४ महिन्यांनी करून त्यावर शासनाचा शिक्का घ्यावा लागतो. पडताळणीचा दाखला गाडीतच ठेवा आणि कुणी मागण्याआधी दाखवा. काटा किती वजनाचा घ्यावा, इथेही पुष्कळांची चूक होते. व्यापारात चालणारे बहुतेक काटे तिसऱ्या वर्गाचे असतात, आणि त्यांच्यावर किमान किती वजन करावं हे ठरलेलं आहे: काट्याच्या एका पडताळणी भागाच्या, म्हणजे त्याच्या आकड्यातल्या सर्वांत लहान टप्प्याच्या, २० पट. ५० ग्रॅमचा भाग असलेल्या प्लॅटफॉर्म काट्यावर एक किलोच्या खालचं वजन करू नये. भाग १० किलोचा असेल, तर भुईकाट्यावर २०० किलोच्या खालचा माल मोजण्यात अर्थ नाही. म्हणजे दीडशे किलो लोखंड टेम्पोसह भुईकाट्यावर चढवून ‘बघा, मोठ्या काट्यावरचं वजन आहे’ असं सांगणं दिसायला प्रामाणिक असलं तरी व्यवहार म्हणून चुकीचं आहे. तांबं-पितळ छोट्या काट्यावर, पत्रा आणि जड लोखंड प्लॅटफॉर्म काट्यावर आणि पुरा ट्रक भुईकाट्यावर, अशी वाटणी ठेवा. दांडीला लटकवायचा ताणकाटा शक्यतो टाळा. हात हलला, वारा लागला की त्याची सुई नाचते, आणि नाचणाऱ्या सुईवर कुणाचाच विश्वास बसत नाही.

काटा चांगला असला तरी तो कसा मांडता यावर वजन अवलंबून असतं. किनाऱ्याकडच्या अंगणात वाळू असते, जमीन उतरती असते, म्हणून जाड फळी टाकून पाणसळीने ती समतल करा. काटा सुरू करून आकडा शून्यावर आहे हे विकणाऱ्याला दाखवा. मग पाच किलोचं शिक्क्याचं वजन मधे आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. पाचही ठिकाणी आकडा सारखा यायला हवा. खाऱ्या हवेत काट्याच्या आतले भाग लवकर बिघडतात, म्हणून हे रोज सकाळी करा, शिवाय मोठ्या मालापूर्वी पुन्हा एकदा. शिक्क्याचं वजन हाताशी नसेल तर लॉजवर बंद पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या मिळतात. अशा दहा बाटल्यांचं वजन, प्लॅस्टिक धरून, दहा किलोपेक्षा किंचित जास्त भरतं. ही चाचणी ढोबळ आहे, पण नऊ किंवा अकरा किलो दाखवणारा काटा तिच्यात लगेच सापडतो. पोत्यात किंवा घमेल्यात माल भरणार असाल तर आधी रिकाम्याचा धडा करा, आणि आकडा स्थिर झाल्यावर विकणाऱ्यालाच तो वाचायला सांगा. ‘काकू, आकडा तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो’ या एका वाक्याने पुढची निम्मी घासाघीस वाचते.

वजनाचा अंदाज काट्याआधी काढता आला तर दोघांनाही आधार मिळतो. बांधकामाच्या सळीचं गणित गवंडी आणि फिटर रोज करतात: सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळी मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते, १६ ची सुमारे १ किलो ५८० ग्रॅम. पत्र्याचं गणितही असंच सोपं आहे. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा एक चौरस मीटर सुमारे ७ किलो ८५० ग्रॅम भरतो, अर्ध्या मिलिमीटरचा त्याच्या निम्मा. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा अर्ध्या मिलिमीटरचा सपाट पत्रा पावणेतेरा किलोच्या आसपास जातो. नालीदार पत्रा तेवढ्याच रुंदीला थोडा जास्त भरतो, गंजून चाळणी झालेला बराच कमी. वीस पत्रे असताना काटा सव्वाशे किलो दाखवत असेल आणि पत्रे बऱ्यापैकी धड असतील, तर काहीतरी चुकलं आहे. अशा वेळी विकणारा कुरकुरण्याची वाट न बघता स्वतःहून थांबा, काटा तपासा आणि पुन्हा वजन करा.

वजनानंतर, खरं तर वजनाच्या आधीच, माल निवडा. मिसळलेल्या ढिगाला नेहमी सगळ्यात हलक्या मालाचा भाव मिळतो, आणि त्यात नुकसान विकणाऱ्याचं होतं. निदान इतके ढीग हवेत: जड लोखंड, पत्रा, बीड, स्टेनलेस स्टील, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, पितळ, तांबं आणि शिसं. चुंबक खिशात हवाच, पण त्याची मर्यादाही ठाऊक हवी. घरातल्या भांड्यांचं स्टेनलेस स्टील बहुधा चुंबकाला चिकटत नाही, काही प्रकारचं चिकटतं, म्हणून चिकटलं की लोखंडच असा निकाल देऊ नका. उलट, चकचकीत मुलामा दिलेला नळ चिकटला नाही म्हणून तो पितळेचा ठरत नाही. बाजारात जस्ताच्या मिश्रधातूचे नळही भरपूर आहेत. दिसत नाही अशा जागी कानस फिरवा. आत पिवळा रंग निघाला तर पितळ, करडा पांढुरका निघाला तर जस्त. तरीही शंका राहिली तर नळातले प्लॅस्टिकचे आणि रबराचे भाग काढा, वजन करा आणि काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मापाने मोजा. ८५० ग्रॅमचा पितळेचा तुकडा साधारण १०० मिलिलिटर पाणी सांडतो. त्याच वजनाचा जस्ताचा तुकडा त्याहून स्पष्टपणे जास्त सांडतो. होडीच्या पंख्याच्या बाबतीत किनाऱ्यावरची एक खास गोष्ट ध्यानात ठेवा. समुद्राच्या पाण्यात काही पितळांमधलं जस्त हळूहळू निघून जातं आणि वरचा थर तांबूस दिसू लागतो. असा पंखा तांब्याचा समजून घेणारा स्वतः फसतो आणि तांब्याचा समजून विकणारा नाहक भांडतो. दोघांसमोर कानस फिरवली की वाद मिटतो.

गंज, माती, ओल यांची कट्टी हा या धंद्यातला सर्वांत वादाचा विषय आहे. कट्टी घेणं गैर नाही. गंज म्हणजे लोखंडाशी जोडलेला प्राणवायू आणि पाणी. एक किलो गंजात लोखंड साधारण ६३० ते ७०० ग्रॅम असतं, आणि गंजाचे सुटे पापुद्रे तर वाटेतच गाडीत गळतात. पावसाळ्यातला पत्रा पाणी धरून असतो, सळीला काँक्रीट चिकटलेलं असतं, इंजिनात काळं तेल असतं. हे सगळं लोखंडाच्या भावाने विकत घेतलं तर व्यापारी बुडेल. पण ‘गंज आहे, पंधरा टक्के काढतो’ असं हवेत सांगणं चूक आहे. ढिगातले दहा किलो तुकडे घ्या, विकणाऱ्यासमोर हातोडीने झोडा, तारेच्या ब्रशने घासा आणि पुन्हा वजन करा. नऊ किलो उरले तर कट्टी दहा टक्के, हा आकडा दोघांनी पाहिलेला असतो. ओला माल असेल तर पाणी निथळू द्या, तेल आधी डब्यात काढून घ्या. आणि एका दोषाची वजावट दोनदा करू नका. गंजासाठी वजन कापलं असेल तर भाव चांगल्या लोखंडाचा द्या, किंवा भाव खाली बोलला असाल तर वजन पूर्ण धरा. दोन्हीकडून कापणं ही वजनचोरीच आहे, फक्त तिला हिशेबाचा मुखवटा असतो.

आता भाव. तांबं, ॲल्युमिनियम, जस्त, शिसं यांचे भाव लंडनच्या धातू बाजारात आणि मुंबईच्या एमसीएक्सवर रोज ठरतात, मोबाइलवर कुणालाही दिसतात. भंगाराचा भाव त्याच्या खाली असतो, पण हलतो त्याच दिशेने. लोखंडाचं गणित भट्ट्यांवर चालतं. भंगार आणि स्पंज आयर्न एकाच भट्टीत जातात, म्हणून रायगड जिल्ह्यातच साळावला बनणाऱ्या स्पंज आयर्नसारखा कच्चा माल स्वस्त झाला की लोखंडी भंगाराची मागणीही नरमते. तुमचा माल पुढे माणगाव, पनवेल, कळंबोली किंवा मुंबईच्या दारूखान्याकडे जाणार. तिथला भाव विचारून उलटा हिशेब मांडा. समजा, तिथे लोखंड ३६ रुपयांनी घेतात. दोन टनांच्या फेरीला सहा हजार भाडं पडलं तर किलोला ३ रुपये गेले. हमाली १ रुपया, गळती आणि घट सुमारे दीड रुपया, तुमचा नफा आणि गुंतलेल्या पैशाचा मोबदला अडीच रुपये. उरतात २८. हा हिशेब वहीत लिहा आणि विकणाऱ्याने विचारलं तर दाखवा. मालाच्या बाजारापासून आपलं गाव दूर आहे हे लोकांना कळतं, फक्त ते आकड्यात मांडलेलं हवं असतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं, तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असा नियम झाला आहे. फेरीवाल्याने मोठ्या व्यापाऱ्याशी बोलताना हा बोजा कुणी आणि भावात कसा धरला आहे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावं.

घासाघिशीलाही एक क्रम असतो आणि तो पाळला की कडवटपणा येत नाही. आधी निवड, मग प्रत्येक ढिगाचा भाव तोंडी ठरवून लिहिणं, त्यानंतर वजन आणि शेवटी पैसे. भाव वजनाआधी ठरलेला असला की आकडा वर आला म्हणून भाव पाडायचा मोह होत नाही. पाण्याची मोटर, पंखा, फ्रिजचा कॉम्प्रेसर अशा वस्तूंना दोन भाव सांगा: आहे तशी घेतली तर इतके, समोर उघडून धातू वेगळे केले तर प्रत्येकाचा इतका. मोटरीत तांब्याची वायंडिंग आहे की ॲल्युमिनियमची, हे उघडून तारेवरचं वार्निश खरवडल्याशिवाय ठरत नाही, आणि वजनाचा मोठा भाग लोखंडी कवचाचाच असतो. निवड विकणाऱ्याला करू द्या. किलोच्या वरचे नऊशे ग्रॅम ‘सोडून द्या’ म्हणू नका, ग्रॅमपर्यंत हिशेब करा. वायर घेताना आवरणासकट घ्या आणि तसा भाव द्या. ती जाळून तांबं काढलं तर विषारी धूर होतोच, शिवाय जळकं तांबं बाजारात खालच्या प्रतीत जातं.

यावर व्यापाऱ्यांचे आक्षेप ठाऊक आहेत. ‘समोरचा वजनात मारतो आणि भाव चढा बोलतो, मी खरा राहिलो तर मला माल कोण देईल?’ याला उत्तर आहे: भावाची तुलना करूच नका, एकूण रकमेची करा. ‘त्यांना सांगा, तुमच्या काट्यावरचं वजन आणि हातात येणारी रक्कम एका कागदावर लिहून द्या, मग मी माझी लिहितो’ असं विकणाऱ्याला सुचवा. काटा मारणारा लिहून देत नाही. दुसरा आक्षेप असा की घेतल्यानंतर भाव पडला तर सगळं नुकसान व्यापाऱ्याचं, म्हणून वजनात थोडी मोकळीक हवी. भाव पडण्याचा धोका खरा आहे, पण त्याची जागा भावात आहे. माल आठ दिवस पडून राहणार असेल तर भाव तेवढा कमी बोला आणि कारण सांगा. तांबं-पितळ साठवू नका, लवकर पुढे द्या. तिसरा आक्षेप विकणाऱ्यांविषयी आहे: तेही पोत्याच्या तळाशी दगड घालतात, डब्यात वाळू भरतात. घालतात हे खरं. म्हणूनच माल सुटा करून, दोघांसमोर निवडून घ्यायचा. एकाची लबाडी दुसऱ्याच्या लबाडीने भरून काढायला गेलं की काटा कुणाचाच राहत नाही.

चोख वजन आणि खरा भाव असूनही एक व्यवहार वाईटच ठरतो: ज्या मालाचा मालक वेगळा आहे तो. याच श्रीवर्धन तालुक्यात २४ मार्च २०१२ रोजी दिवेआगरच्या सुवर्णगणेशाची चोरी झाली, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि सोनं वितळवलं गेलं. चोरीचा धातू विकला जातो तो कुणीतरी न विचारता घेतो म्हणून. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि वीजवाहिन्यांच्या तारा व साहित्य यांच्या चोरीसाठी वीज कायदा २००३ मध्ये स्वतंत्र कलम १३६ आहे. वादळानंतर रस्त्यावर पडलेली ॲल्युमिनियमची तार बेवारस दिसते, पण ती महावितरणची असते. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या वस्तूंचंही तसंच. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला वाहत आलेल्या बोटीत शस्त्रं सापडली होती. अनोळखी नळकांडं, बंद सिलिंडर, बोटीचा भाग दिसला तर तो ना उचलायचा, ना ठोकायचा, ना विकत घ्यायचा. सरळ पोलिसांना कळवायचं. जुन्या घंटा, समया, मूर्ती शंभर वर्षांवरच्या असतील तर त्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि त्यांची किंमत किलोवर ठरत नाही. घरच्यांनाही कधी कधी हे माहीत नसतं. तेव्हा समई वितळवण्याआधी ‘ही किती पिढ्यांची?’ एवढं विचारा. प्रत्येक मोठ्या व्यवहाराची तारीख, विकणाऱ्याची ओळख, माल, एकूण वजन, धडा, निव्वळ वजन, भाव आणि रक्कम वहीत लिहून त्याची चिठ्ठी द्या. ती वही उद्या तुमचाच बचाव करेल.

राहिला प्रश्न अडचणीतल्या माणसाचा. वादळानंतर घर उघडं पडलेलं असतं, पत्रा अंगणात पसरलेला असतो आणि मिळेल त्या भावाला तो द्यायची घाई असते. या घाईचा फायदा घेणं कायद्यात बसेलही, कारण भाव ठरवणं हा दोघांचा अधिकार आहे. तरीही तेव्हा २८ रुपयांचा माल १२ ला उचलणारा व्यापारी आपल्याच पुढच्या दहा वर्षांचा धंदा विकत असतो. एकाच वेळी खूप माल आला, गाड्या मिळेनात, भाडं वाढलं, तर भाव खाली येणार, ते रास्त आहे. किती आणि कशामुळे हे वर सांगितलेल्या उलट्या हिशेबात मांडून दाखवा आणि तिथेच थांबा. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलण्याचा हंगाम येईल, तोपर्यंत तीन कामं करून ठेवा: काट्याची पडताळणी, खिशात चुंबक आणि कानस, आणि भावाचा उलटा हिशेब मांडलेली वही. या तीन गोष्टींसह तुम्ही दारात उभे राहिलात तर घासाघीस होईल, कधी कधी माल हातचा जाईलही, पण जो मिळेल तो पुढच्या वर्षीही तुम्हालाच मिळेल.